फौजेतील नोंद आणि घरचे नाव : दुरुस्ती वेळीच करून घ्या
— ऊस विकास अधिकारी



या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी वाचता. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे, पण तो आपल्या घरातलाच आहे. आपल्या कार्यक्षेत्रात फौजेत माणूस न गेलेले गाव शोधून सापडणार नाही. पेन्शनवर आल्यावर हीच मंडळी ऊस लावतात आणि शेअर घेतात. गट ऑफिसात ऊस नोंदीचे आणि वारस नोंदीचे काम करताना त्यांचे कागद आमच्या हातांखालून जातात. त्यात एक गोष्ट वरचेवर दिसते. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरे आणि फौजेच्या कागदावर तिसरे.

ऊस नोंदीत गट नंबर चुकला म्हणजे काय होते, हे आपणास सांगायला नको. ऊस एका शिवारात उभा आणि चिटबॉय दुसऱ्याच बांधावर. पण ती चूक निदान त्याच हंगामात कळते. फौजेतली चूक वीस-तीस वर्षे गप्प बसते आणि माणूस गेल्यावर बोलू लागते.

आमच्या घरची हकीकत

दुसऱ्याचे उदाहरण कशाला, आमच्याच घरचे सांगतो. आमचे वडील फौजेत होते. लग्नात आईचे नाव रिवाजाप्रमाणे तांदळात लिहून बदलले. माहेरची हौसा सासरी सुशीला झाली. मात्र वडिलांनी पलटणीत दिलेल्या लग्नाच्या दाखल्यावर गावच्या सरपंचांनी माहेरचेच नाव लिहिले होते. फौजेने त्याप्रमाणे नोंद केली. त्यात फौजेची चूक काहीच नव्हती. पुढे रेशन कार्ड, मतदार यादी, सातबारा, आधार आणि बँकेचे पासबुक सगळे सुशीला या नावाने झाले.

वडील पेन्शनवर आले, पंचवीस वर्षे शेती केली, पेन्शनचा कागद लोखंडी पेटीत ठेवला. त्यावर बायकोचे नाव काय आहे, हे त्यांनी पाहिले नाही आणि आम्हीही पाहिले नाही. आम्ही शेतकी खात्यातले. दिवसभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासायच्या आणि घरची पेटी उघडायची नाही, असा आमचा कारभार. वडील गेल्यावर आई फॅमिली पेन्शनसाठी गेली तेव्हा तिला विचारले गेले, "हौसाबाई कोण? त्यांना घेऊन या." चाळीस वर्षे संसार केलेल्या बाईला मीच ती, हे सिद्ध करावे लागले. त्याला अकरा महिने लागले. पैसे मागील तारखेपासून मिळाले, पण त्या अकरा महिन्यांत तिने माणसांपुढे जे ओशाळेपण सोसले त्याची थकबाकी कोण देणार?

वडील हयात असताना त्यांच्या सहीचा एक अर्ज गेला असता तर हे टळले असते. म्हणून हा लेख.

प्रथम कागद समोर ठेवा

डिस्चार्ज बुक, पेन्शन पेमेंट ऑर्डर म्हणजे पीपीओ, त्याच्या नंतर आलेल्या दुरुस्त्या, आधार, पॅन, बँक पासबुक आणि शाळेचा दाखला एका ठिकाणी काढा. एका कागदावर रकाने आखा. जवानाचे नाव, पत्नीचे नाव, दोघांच्या जन्मतारखा, मुलांची नावे आणि जन्मतारखा, पत्ता, बँक खाते, असे एकेक घेऊन प्रत्येक कागदावर काय आहे ते लिहा. इंग्रजी स्पेलिंग अक्षर न अक्षर जुळवून पाहा. जुन्या नोंदीत पुष्कळदा नुसते नाव आणि आडनाव असते, तर आपल्या आधारवर मधे वडिलांचे नाव असते. तोही फरकच धरला जातो.

पत्नीची जन्मतारीख कोरी असेल तर दुर्लक्ष करू नका. वयाची ८० वर्षे पूर्ण झाली की पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते. ८५ ला ती ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के होते. ही वाढ फॅमिली पेन्शन घेणाऱ्या विधवेलाही आहे. पण तिची तारीखच नोंदीत नसेल तर ती ८० ची झाली हे कचेरीला कळणार कसे? घरात अपंग मूल असेल तर त्याचे नाव आपल्या हयातीत नोंदवून घ्या. आई-वडिलांच्या मागे नियमात बसल्यास त्याला आजन्म फॅमिली पेन्शन मिळू शकते.

अर्ज कोठे करावा

मुलगा नोकरीत असेल तर त्याने आपल्या युनिटच्या ऑफिसात अर्ज द्यावा. लग्न, अपत्य, नावातील बदल यांची नोंद तेथून पार्ट टू ऑर्डरने होते. सुट्टीवर आलेल्या पोराला एवढे जरूर विचारा, "बायकोची पार्ट टू झाली का? नाव कोणते दिलेस?"

पेन्शनवर आलेल्यांची मूळ नोंद त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड बेळगावी, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागर येथे, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्प येथे आणि बॉम्बे सॅपर्सचे खडकीला आहे. नौदलाच्या खलाशांचे काम मुंबईत मानखुर्दच्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे चालते, तर वायुसैनिकांचे रेकॉर्ड दिल्लीत सुब्रतो पार्क येथे आहे. पत्ता माहीत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. अर्जाचा नमुना दाखवणे आणि कागद पुढे पाठवणे यांत तेथे मदत होते.

अर्जासोबत काय जोडावे

अर्जात आर्मी नंबर, हुद्दा, नाव आणि पीपीओ नंबर आधी लिहावा. मग नोंदीत काय आहे आणि काय हवे, हे दोन ओळींत समोरासमोर मांडावे. लांबलचक कैफियत नको. नोंदीत हौसा, हवे सुशीला, एवढे पुरे.

पत्नीच्या नावातील फरकासाठी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र लागते. नाव पूर्ण बदललेले असेल तर वृत्तपत्रातील जाहिरात किंवा राज्य शासनाच्या राजपत्रातील नोंदही मागतात. त्यासोबत आधार, लग्नाचा दाखला आणि जोडीचा फोटो द्यावा. मुलांसाठी जन्मदाखला द्यावा. कोणत्या नोंदीला नेमके कोणते कागद, हे त्या रेकॉर्ड ऑफिसला आधी विचारून घ्यावे म्हणजे हेलपाटा वाचतो. मूळ कागद पोस्टाने पाठवू नका. साक्षांकित प्रती स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.

एवढ्यावर काम संपत नाही. रेकॉर्ड ऑफिसने बदल मान्य केला की पीपीओची दुरुस्ती संरक्षण लेखा खात्याच्या प्रयागराज येथील पेन्शन कार्यालयातून निघते. आता बहुतेक संरक्षण पेन्शन 'स्पर्श' या संगणक प्रणालीतून थेट खात्यावर जमा होते. तेव्हा दुरुस्तीचा कागद हाती आल्यावर स्पर्शमध्येही तेच नाव आले का, हे सेवा केंद्रावर बसून डोळ्यांनी पाहा. दरवर्षी हयातीचा दाखला देण्याच्या वेळी हे सहज होते.

काय बदलत नाही

जवानाची स्वतःची जन्मतारीख भरतीच्या वेळी दाखल्यावरून घेतलेली असते. नोकरी संपत आल्यावर किंवा पेन्शन आल्यावर ती बदलून मिळेल, या आशेवर राहू नका. शेवटी शेवटी केलेले असे अर्ज मानू नयेत, हा न्यायालयांचा कल १९९३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून स्पष्ट आहे. त्यापेक्षा आधारवरची तारीख चुकली असल्यास ती दाखल्याप्रमाणे करून घ्यावी. "वय वाढवून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला दारात उभे करू नका.

काम अडले तर

स्मरणपत्र द्या. तरीही उत्तर नाही आले तर माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार आपल्याच नोंदीची प्रत आणि अर्जाची स्थिती मागता येते. हक्कच डावलला गेला तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत आहे. पण बहुतेक कामे तेथवर जात नाहीत. अपुऱ्या कागदांमुळे अडलेली असतात, ती कागद पुरे केल्यावर सुटतात.

एक सावधगिरी मात्र हवी. ज्यांना पेन्शन बसली नाही, अशांची सेवेची कागदपत्रे २५ वर्षांच्या मुदतीनंतर नष्ट करतात. त्यांनी आपले डिस्चार्ज बुक जीव लावून जपावे.

तहान लागल्यावर विहीर खणण्यात शहाणपण नाही. या महिन्यात ऊस नोंद तपासायला गट ऑफिसात याल, तेव्हा आदल्या रात्री घरची पेटी उघडून पीपीओ एकदा वाचा. घरच्या लक्ष्मीला जवळ बसवून तिचे नाव तिला मोठ्याने वाचून दाखवा. तिने "हे माझेच" म्हटले तर पेटी बंद करा. ती गप्प राहिली, तर दुसऱ्याच दिवशी अर्ज लिहायला घ्या. गट ऑफिसात आमच्या माणसांना सांगा, रकाने आखून द्यायला आम्ही बसू.