खुले वर्ग व बंद गट : त्यांतील नियमनाचा विचार

हल्लीं शेतीचें शिक्षण घरबसल्या मोबाइलवर मिळण्याची सोय झाली आहे, हें वाचकांस विदित आहेच. हें शिक्षण दोन प्रकारांनीं मिळतें. पहिला प्रकार खुल्या ऑनलाइन वर्गाचा. ज्यास शिकावयाचें असेल त्यानें नांव नोंदवावें, कोणी अडवीत नाहीं. केंद्र सरकारचें 'स्वयम्' ९ जुलै २०१७ रोजीं सुरू झालें, त्यावरील वर्ग ह्या जातीचे. कानपूरच्या आय. आय. टी.नेंहि 'अ‍ॅगमूक्स' ह्या नांवानें शेतीविषयाचे असे वर्ग चालविले. दुसरा प्रकार बंद गटाचा. एका गांवचे, एका पिकाचे किंवा एका सोसायटीचे शेतकरी व्हॉट्सअ‍ॅपवर गट करितात, तो हा. त्यांत अ‍ॅडमिननें घेतल्यावांचून कोणास शिरतां येत नाहीं.

ह्या दोहोंत शिक्षण कोठें चांगलें मिळतें, असा वाद वारंवार ऐकूं येतो. आमच्या मतें तो वाद गौण आहे. शेतकऱ्यानें विचारलेल्या प्रश्नास तेथें जें उत्तर मिळतें त्याची छाननी कोण करितो व केव्हां करितो, ह्यावर त्याच्या पिकाचें बरेंवाईट अवलंबून असतें. ह्या छाननीस व वर्गाची शिस्त राखण्यास आम्ही नियमन म्हणतों. आमचा जन्म महसूल खात्याच्या कारकुनींत गेला. शेतीशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाहीं. परंतु एक खुला वर्ग आम्हीं विद्यार्थी म्हणून पुरा केला आहे व एक बंद गट तीन वर्षें अ‍ॅडमिन म्हणून चालवीत आहों. त्या गटांत आमच्या हातून एक चूक घडली. ती सांगितल्यावांचून हा विषय नीट समजणार नाहीं.

प्रथम खुल्या वर्गाविषयीं. कॅनडांतील मॅनिटोबा विद्यापीठांत २००८ सालीं जॉर्ज सीमेन्स व स्टीफन डाउन्स ह्यांनीं एक वर्ग घेतला. त्यांत फी भरून बसलेले विद्यार्थी सुमारें २५ होते. तोच वर्ग त्यांनीं जगास मोफत खुला केला, तेव्हां सुमारें २,२०० लोक येऊन मिळाले. पुढें २०११ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्डच्या एका खुल्या वर्गास सुमारें १,६०,००० नांवें नोंदलीं गेलीं. पंचवीस विद्यार्थ्यांचा शिक्षक प्रत्येकाचें तोंड ओळखतो. दीड लाखांचा शिक्षक कोणासच ओळखीत नाहीं, व प्रत्येकाचा प्रश्न वाचूंहि शकत नाहीं. म्हणून खुल्या वर्गाचें नियमन वर्ग भरण्यापूर्वींच बांधून ठेवावें लागतें. प्रत्येक आठवड्याच्या पाठाची चर्चा निराळी, वागणुकीचे नियम वर टांगलेले, शंका निवारण्यास साहाय्यक नेमलेले, आणि चांगल्या उत्तरास विद्यार्थ्यांनीं मत देऊन वर आणण्याची सोय.

हें बांधकाम कच्चें असलें तर काय होतें ह्याचा दाखला जॉर्जिया टेक ह्या अमेरिकन संस्थेच्या वर्गानें घालून दिला. 'कोर्सेरा'वर जानेवारी २०१३ च्या अखेरीस तो सुरू झाला. सुमारें ४०,००० लोक आले. विद्यार्थ्यांनीं एका सामाईक तक्त्यांत आपापलीं नांवें लिहून गट पाडून घ्यावेत, अशी योजना होती. तो तक्ता एका वेळीं थोड्याच लोकांस लिहितां यावा अशा बेताचा होता. हजारों लोक एकदम लिहावयास धांवले, तक्ता कोसळला, व पहिल्याच आठवड्यांत वर्ग बंद करावा लागला. वर्गाचा विषय काय, तर ऑनलाइन वर्ग कसा चालवावा ! आम्हांस हें वाचून हंसूं आलें खरें, परंतु तें फार दिवस टिकलें नाहीं.

खुल्या वर्गाचा एक गुण मात्र मोठा आहे. तेथें कोणी कोणाचा काका नाहीं. चुकीचें उत्तर दिसलें कीं, कोणीतरी अनोळखी माणूस 'हें चूक आहे' असें बेधडक लिहितो. दोष असा कीं, तुमचें रान काळें कीं मुरमाड, विहिरीस पाणी किती, हें तेथें कोणास ठाऊक नसतें. शिवाय पुष्कळांस आवडलेलें उत्तर वर तरंगतें. आणि औषधाचें प्रमाण कांहीं मतें मोजून ठरत नाहीं.

बंद गटाचें ह्याच्या उलट आहे. आमच्या गटांत ८४ सभासद असून बहुतेकांच्या बांधाची आम्हांस ओळख आहे. अशा गटाच्या अ‍ॅडमिनची जबाबदारी काय, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें आला होता. मार्च २०२१ च्या निकालांत न्यायालयानें म्हटलें कीं, सभासद घेणें वा काढणें एवढाच विशेष अधिकार अ‍ॅडमिनला असतो, मजकूर येण्यापूर्वीं तो तपासतां येत नाहीं. म्हणून समान हेतु वा पूर्वीं ठरलेला बेत सिद्ध झाल्यावांचून सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल त्यास दोषी धरतां येणार नाहीं. पुढें २०२२ सालीं कोणाचाहि मजकूर सर्वांसाठीं पुसून टाकण्याची सोय अ‍ॅडमिनला मिळाली. कायद्याच्या दृष्टीनें आम्ही निर्धास्त होतों. पुढील गोष्टींत कायद्याचा प्रश्नच आला नाहीं.

गेल्या वर्षीं जुलै महिन्यांत, रात्रीं सव्वानऊच्या सुमारास, गटांतील एका तरुणानें विचारलें कीं, कपाशी तीस दिवसांची झाली, रुंद पानांचें तण माजलें आहे, खुरपणीस माणसें मिळत नाहींत, तर काय मारावें ? दहा मिनिटांत एका वडीलधाऱ्या बागाइतदारांचें उत्तर आलें : "टू-फोर-डी मार. माझ्या उंसांत एका फवाऱ्यांत रान साफ झालें." ह्या गृहस्थांस सारें गांव काका म्हणतें. त्यांचा ऊंस तालुक्यांत नांवाजलेला, आणि अडल्यानडल्यास बियाणें उसनें देणारा माणूस. उत्तराखालीं हात जोडल्याच्या खुणा पडूं लागल्या.

टू-फोर-डी हें तणनाशक ऊंस, ज्वारी, मका, गहूं ह्या पिकांत चालतें, कारण तीं गवताच्या जातीचीं पिकें आहेत, आणि हें औषध मारतें तें रुंद पानांच्या झाडांस. कपाशी स्वतःच रुंद पानांची. ह्या औषधापुढें ती इतकी नाजूक कीं, त्याचा पंप नीट न धुतां कपाशींत नेला तरी पानें चिंचोळीं होऊन पंज्यासारखीं लांबतात व देंठ पिळवटतात. शेजारच्या उंसावरील फवारा वाऱ्यानें कपाशीवर आला तरी हीच दशा होते. हें सर्व आम्ही खुल्या वर्गांतील तणनियंत्रणाच्या पाठांत शिकलों होतों.

आम्हीं काकांचें उत्तर वाचलें व स्वस्थ बसलों. काकांस चारचौघांत खोटें कसें पाडावें ? सकाळीं फोन करून त्यांच्याच हातून दुरुस्ती करवूं, म्हणजे त्यांचा मान राहील, असा हिशेब केला. पावणेदहा वाजतां तरुणानें लिहिलें, "उद्यां दिवस उगवतांच मारतों, काका." तेंहि आम्हीं वाचलें.

सकाळीं आठ वाजतां आम्हीं काकांस फोन केला. ते म्हणाले, "अरे, कपाशी म्हणाला होता काय तो ? मीं तण एवढेंच वाचलें. आधीं त्याला थांबवा." तरुणास फोन लागेपर्यंत सात गुंठे फवारून झाले होते. त्यानें काकांस दोष दिला नाहीं. तो आम्हांस एवढेंच म्हणाला, "भाऊसाहेब, माझा निरोप तुम्हीं रात्रींच वाचलेला दिसतो आहे." निरोप कोणीं केव्हां वाचला हें पाठविणाराला दिसतें, हें आम्हांस त्या घटकेपर्यंत सुचलें नव्हतें.

पुढें चौकशी केली तेव्हां कपाशी करणाऱ्या निदान पांच सभासदांस तें उत्तर चूक असल्याचें रात्रींच कळलें होतें, असें आढळलें. जो तो दुसऱ्यानें बोलण्याची वाट पाहत होता. ज्या ओळखीमुळें बंद गटांत खरी उपयुक्त माहिती मिळते, तीच ओळख तोंड बांधते. आणि प्रश्न केवळ सात गुंठ्यांचा नाहीं. यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसें दगावलीं. औषधाच्या बाबतींत भीड हा शिष्टाचार नव्हे.

ह्यावर आम्हांस जुन्या कामांतील रीत आठवली. जमिनीचा फेरफार धरला म्हणजे तो लगेच कायम होत नाहीं. तलाठी नोंद धरितो, तिची प्रत चावडीवर लावितो, हितसंबंधितांस नोटीस देतो, हरकतीस मुदत असते, आणि नोंद प्रमाणित झाल्यावरच सात-बाऱ्यावर अंमल होतो. हरकत आली म्हणून तलाठ्याचा अपमान झाला, असें तेथें कोणी मानीत नाहीं.

गटांत आतां तीच रीत घातली आहे. औषधाचें वा त्याच्या प्रमाणाचें उत्तर ही कच्ची नोंद. विचारणारानें पीक, त्याचे दिवस व छायाचित्र द्यावें. उत्तर देणारानें औषधाबरोबरच्या माहितीपत्रकाचें छायाचित्र जोडावें. त्यांत त्या पिकाचें नांव छापलेलें नसेल तर नोंद तेथेंच रद्द. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळपर्यंत कोणीहि 'हरकत' हा एक शब्द लिहावा, कारण न दिलें तरी चालेल. मग ते पीक करणारा एक सभासद व अ‍ॅडमिन मिळून 'प्रमाणित' असें लिहितात. तोंवर आभार मानण्यासहि बंदी आहे. ज्यास तांतडी असेल त्यानें किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ ह्या क्रमांकावर विचारावें, किंवा कृषि विज्ञान केंद्र गांठावें.

ह्या नियमानें गटांतील प्रश्न कमी झाले, हें कबूल केलें पाहिजे. छायाचित्रांची खटपट कित्येकांस नको वाटते, व ते दुकानदारासच विचारून मोकळे होतात. त्यावर आमच्यापाशीं इलाज नाहीं. नियमाप्रमाणें पहिली हरकत आली ती काकांची, आणि ती आम्हीं धरलेल्या नोंदीवर होती. ती बरोबरहि होती.

त्या सात गुंठ्यांत तरुणानें पुढें रब्बीस हरभरा केला. त्या दिवसापासून त्यानें गटांत एकहि प्रश्न विचारलेला नाहीं. त्यानें दुसरा अ‍ॅडमिन व्हावें, असें आम्हीं त्यास कळविलें आहे. निरोप त्यानें वाचला, असें दिसतें. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.