अपडेट केलं, पण कमिट काय केलं?

फायनल इयरच्या डेमोच्या आदल्या रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या रूमवर आमचा प्रोजेक्ट मस्त चालत होता. सकाळी लॅबच्या पीसीसमोर एक्स्टर्नल येऊन बसले आणि प्रोजेक्ट उघडेचना! पार्टनरने हळूच विचारलं, "रात्री काय केलंस रे?" मी म्हणालो, "काही नाही, ग्राफची लायब्ररी अपडेट केली फक्त."

त्या 'फक्त'नेच घात केला. प्रोजेक्ट नोडमधला. त्यात दोन फाइली महत्त्वाच्या. 'पॅकेज डॉट जेसन'मध्ये आपल्याला कोणती आवृत्ती चालेल ते असतं, उदा. ^४.२.० म्हणजे ४.२.० किंवा पुढची, पण ५ च्या आतली कोणतीही. 'पॅकेज-लॉक डॉट जेसन'मध्ये नेमकी कोणती बसवली ते असतं. मी पहिली फाइल कमिट केली, दुसरी राहिली. लॅबमध्ये 'एनपीएम सीआय' चालवलं. दोन्ही फाइलींचा मेळ बसेना, म्हणून ते एरर देऊन थांबलं.

थोडक्यात, आपल्या फोल्डरमध्ये काय चालतं याला किंमत नाही. जे कमिट होतं तेच दुसऱ्याला मिळतं. म्हणून एवढं कराच :

१) दोन्ही फाइली एकाच कमिटमध्ये टाका.

२) अपडेटचा कमिट वेगळा ठेवा. त्यात आपला दुसरा कोड मिसळू नका. मग बिघडलंच तर 'गिट रिव्हर्ट'ने तेवढंच मागे घेता येतं.

३) डोळे झाकून 'गिट अॅड डॉट' मारू नका. आधी 'गिट स्टेटस' बघा. 'नोड मॉड्यूल्स' फोल्डर आणि पासवर्डची फाइल गिट-इग्नोरमध्ये हवी. पासवर्ड एकदा पुश झाला, की फाइल डिलीट करूनही तो हिस्टरीत राहतो. पासवर्डच बदलावा लागतो.

४) कमिटपूर्वी 'गिट डिफ --स्टेज्ड' वाचा. लॉक फाइल लांबलचक असते, पण निदान नवीन नावं कोणती आली ते तपासा. २०१८ साली 'इव्हेंट-स्ट्रीम' या पॅकेजसोबत 'फ्लॅटमॅप-स्ट्रीम' नावाचं नवं पॅकेज आलं आणि त्यात बिटकॉइन चोरण्यासाठी लिहिलेला कोड निघाला.

५) मेसेजमध्ये नुसतं 'अपडेट' लिहू नका. कोणतं पॅकेज, कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर आणि कशासाठी, ते लिहा. पहिला आकडा बदलला असेल तर जुना कोड मोडू शकतो, हे ध्यानात ठेवा.

६) शेवटी दुसऱ्या रिकाम्या फोल्डरमध्ये ताजा क्लोन घ्या, 'एनपीएम सीआय' करा आणि प्रोजेक्ट चालवून बघा.

आमचं काय झालं? पार्टनरने रात्री पुल केलं नव्हतं, म्हणून त्याच्या लॅपटॉपवर जुना प्रोजेक्ट शाबूत होता. तोच दाखवला आणि वाचलो. पण चार महिने खपून केलेला प्रोजेक्ट आळसामुळे वाचला, हे काही बरं नाही. सहावी पायरी पाच मिनिटांची आहे. ती रात्रीच उरकून मग खुशाल झोपा!