परसबागेतील पाण्याचा जमाखर्च

२० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून पाण्यावरील समान हक्क जगासमोर मांडला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेच्या उभारणीत त्यांचाच पुढाकार होता. पाण्याचा हक्क आणि पाण्याचे नियोजन, असे दोन धडे त्यांनी आपणांस दिले. पहिला आपल्या तोंडपाठ आहे. दुसऱ्याचा सराव घराच्या परसातूनही करता येतो.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जेथे वस्तीवर टँकर येतो आणि हंडा बहुधा माय-बहिणींच्याच डोक्यावर असतो, तेथे परसबाग ही चैन वाटणे साहजिक आहे. म्हणून पहिला नियम असा की, पिण्याच्या पाण्यातला एक तांब्याही बागेस घालावयाचा नाही. मग बाग जगणार कशी? त्यासाठी पाण्याचा जमाखर्च मांडावा लागेल.

१) जमा

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी मिळते. ५० चौरस मीटरच्या पत्र्यावर वर्षाकाठी ७०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ३५,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी २८,००० लिटर उरते. २०० लिटरचे पिंप भरावयास अशा छपरावर जेमतेम ४ ते ५ मिलिमीटर पाऊस पुरतो. पहिल्या पावसाचे पाणी पत्रा धुण्यासाठी सोडून द्यावे. पिंप झाकून ठेवावे व जास्तीचे पाणी शोषखड्ड्यात जिरवावे.

ही विद्या आपल्याला नवी नाही. कान्हेरीच्या लेण्यांत भिक्खूंच्या निवासांलगत खडकात टाकी कोरलेली आहेत. डोंगरावरचे पावसाचे पाणी पन्हळींवाटे त्यांत येई व पुढे कोरड्या महिन्यांत उपयोगी पडे. तेथील शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले असून ती दान देणाऱ्या उपासकांची नावेही कोरलेली आहेत.

दुसरी जमा सांडपाण्याची. भाज्या-तांदूळ धुतलेले आणि भांडी विसळलेले पाणी रोज दोन बादल्या, म्हणजे ३० लिटर धरले, तरी महिन्याला ९०० लिटर होते. सोडा व साबणाचे पहिले पाणी वगळून शेवटचे विसळण तेवढे घ्यावे. ते त्याच दिवशी वापरावे, साठविल्यास डास होतात. कोथिंबीर, मुळा अशा कच्च्या खाण्याच्या भाज्यांना ते घालू नये. केळी, कर्दळ यांना चालते.

२) खर्च

झाड पिते त्यापेक्षा ऊन-वारा अधिक पितो, हे उन्हाळ्यात उघड्या मातीकडे पाहिले की कळते. यावर चार उपाय आहेत.

अ) पाणी सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर द्यावे.

ब) मातीवर दोन-तीन इंच पालापाचोळा, पाचट किंवा भुसकट पसरावे, खोडालगत मात्र मोकळी जागा ठेवावी.

क) मोठ्या झाडाचे आळे खोडाशी न करता फांद्यांच्या घेराखाली करावे. पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी तेथे असतात.

ड) काळ्या मातीला भेगा पडतात व आतली ओल उडून जाते. वरचा थर खुरप्याने मोकळा करून भेगा बुजवाव्यात. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ असे शेतकरी म्हणतात, ते यामुळेच.

३) शिल्लक

पाच-सहा लिटरचे, रंग न दिलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे. भोवती दोडका, कारले, दुधी यांचे तीन-चार वेल लावावेत. मडके पाण्याने भरून वर झाकणी ठेवावी. माती कोरडी होईल तसतसे पाणी पाझरते, ओली असेल तर पाझर मंदावतो. मडके रिकामे होत आले की पुन्हा भरावे. हिरवळीचा हट्ट सोडून शेवगा, कढीपत्ता, सीताफळ, लिंबू, गवार, चवळी यांची निवड करावी.

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग अवश्य करावा. दोन सारख्या कुंड्यांत सारखी माती भरून प्रत्येकी एक लिटर पाणी घालावे. एकीवर पालापाचोळा पसरावा, दुसरी उघडी ठेवावी. रोज बोट खुपसून ओल पाहावी व वहीत नोंदवावी. आठवड्याअखेर ती नोंद घरातील मोठ्यांना दाखवावी.

शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला, तेव्हा सिद्धार्थाने युद्धास विरोध केला, असे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सांगितले आहे. पाणी कमी पडले की शेजारी शेजाऱ्याचा वैरी होतो. आपल्या परसात वाचलेली प्रत्येक बादली शेजारच्या हंड्यावरचा भार थोडा हलका करते. समतेचा हा संस्कार घरोघरी रुजावा.

नमो बुद्धाय! जय भीम!