दुसरी पट्टी

टोक झिजलेल्या पट्टीने तारेची लांबी दहा वेळा मोजली, तरी उत्तर चुकीचेच येते. चूक पकडायची तर दुसरी पट्टी घ्यावी लागते. हाच नियम व्हिडिओ कॉललाही लागू पडतो.

२०२४ च्या प्रारंभी हाँगकाँगमध्ये काय घडले पाहा. अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या तेथील कर्मचाऱ्याला, ब्रिटनमधील अर्थप्रमुखाच्या नावाने गुप्त व्यवहाराचा संदेश आला. त्याला शंका आली. मग व्हिडिओ बैठक झाली. पडद्यावर अर्थप्रमुख दिसले, ओळखीचे सहकारीही दिसले. शंका मावळली आणि त्याने १५ वेळा मिळून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. पुढे मुख्य कार्यालयाकडे विचारणा केल्यावर उलगडा झाला. त्या बैठकीत खरा माणूस तो एकटाच होता!

हे कसे साधते? चलच्चित्र म्हणजे सेकंदाला २५-३० स्थिरचित्रे. पुष्कळ छायाचित्रे पुरवली, की संगणक चेहऱ्याची ठेवण आणि चेहऱ्यावरील हावभाव वेगळे करायला शिकतो. मग हावभाव भामट्याचे आणि ठेवण दुसऱ्याची, असे चित्र तो तयार करतो. यालाच 'डीपफेक' म्हणतात. आवाजाचीही अशीच नक्कल होते.

समोरच्याला मान पूर्ण वळवायला किंवा चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगावे. चेहऱ्याचा काही भाग झाकला गेला, की संगणकाचा अंदाज चुकतो आणि कधीकधी कडा विस्कटतात. पण कडा विस्कटल्या नाहीत, म्हणून माणूस खरा ठरत नाही. हे तंत्र दिवसेंदिवस सुधारत आहे.

त्या कर्मचाऱ्याने अनेक चेहरे पाहिले, पण सारे एकाच मार्गाने आलेले. ती एकाच झिजलेल्या पट्टीची मापे होती! म्हणून कोणी घाईने पैसे किंवा ओटीपी मागितला, तर कॉल बंद करा आणि आपल्याजवळ आधीपासून असलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करा. घरच्यांनी मिळून एक खुणेचा शब्द ठरवावा. तो फोनवर किंवा संदेशात कोठेही लिहू नये. फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. जितकी त्वरा, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता अधिक.

आता एक प्रश्न. कॉलवरील व्यक्तीनेच "खात्री करायची तर या क्रमांकावर विचारा" असे सांगितले, तर तो क्रमांक दुसरी पट्टी ठरेल काय? वर्गात चर्चा करा.