पट्टा घसरू दे

कोल्हापूर

चि. सुहास यास,


तुझं पत्र आणि मोटरच्या पाटीचा फोटो, दोन्ही मिळालं. बटाल्याचा साडेचार फुटी लेथ, चपटा पट्टा, तीन पायऱ्यांची पुली, मागच्या स्टँडवर दोन हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटर, आणि घरात मात्र सिंगल-फेज. जुना लेथ घरी आणणाऱ्या बहुतेक हौशी माणसांची कुंडली हीच असते. भंगारवाल्याने तुला बेड घासलेला आहे का ते दाखवलं, चक दाखवला, पण मोटर चालवून दाखवली नाही. त्याचाही इलाज नव्हता म्हणा, त्याच्याकडेही सिंगल-फेजच असणार.

तू तीन वाटा लिहिल्यास. महावितरणकडे थ्री-फेज मागायचं, मोटर बदलून सिंगल-फेजची बसवायची, नाहीतर ड्राइव्ह लावायचा. तिन्हींबद्दल लिहितो. पण तू न विचारलेला प्रश्न आधी घेतो: तुझ्या कामाला ताकद लागते किती?

हिशेब करून बघ. पन्नास मिलिमीटर व्यासाचा एमएसचा बार आणि एचएसएसचं टूल घेतलं, तर मिनिटाला तीस मीटरचा वेग पुरे. म्हणजे चक साधारण १९० आरपीएमने फिरला पाहिजे. एक मिलिमीटर खोलीचा कट आणि एका फेऱ्याला ०.१ मिलिमीटर फीड धरलं, तर मिनिटाला तीन घन सेंटीमीटर लोखंड निघतं. एवढं लोखंड कापायला टूलच्या टोकाशी दीडशे वॅटच्या आसपास ताकद लागते. पट्टे, गिअर आणि बुश यांत जाणारी धरली तरी अडीचशेच्या पुढे आकडा जाऊ नये. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. कट दोन मिलिमीटरचा आणि फीड दुप्पट केलं तर कापण्याची ताकद चौपट होते, सहाशे वॅट. तेही एका हॉर्सपॉवरच्या आत बसतं, आणि तुला लहान इंजिनांची मॉडेलं करायची आहेत, दिवसभर शाफ्ट सोलायचे नाहीत.

हे आधी सांगायचं कारण असं की तुला तीन हॉर्सपॉवरची मोटर आणि वी-बेल्ट बसवायचा सल्ला देणारे चार जण भेटतील. पट्टा घसरतो ही त्यांची तक्रार असेल. त्यांचं ऐकू नकोस. पार्टिंग करताना टूल अडकलं, जॉब चकमधून तिरका झाला, हाफनट सोडायला उशीर झाला, की कुठेतरी काहीतरी सुटलंच पाहिजे. चपटा पट्टा असला की तो सुटतो, आवाज होतो, तू मशीन बंद करतोस, संपलं. पट्टा घसरलाच नाही तर बॅकगिअरचा दात जातो. तो बिडाचा असतो, आणि तसा गिअर आता आयता मिळत नाही, कुणाकडून तरी हॉबिंग करून घ्यावा लागतो. तेव्हा पट्टा कामापुरता ताण, त्याहून जास्त नको.

हेडस्टॉकमध्ये बॉल बेअरिंग नाही, गनमेटलचे बुश आहेत, असं तुझ्या पत्रावरून वाटतं. तेही वेग बेताचाच मागतात. मोटर १४४० ची आहे. मोटरवर तीन इंचाची पुली आणि मागच्या शाफ्टवर पंधरा इंचाची असेल तर तो शाफ्ट २८८ आरपीएमने फिरेल. तिथून पुढे तीन पायऱ्या आणि बॅकगिअर. तुझ्या पुल्या मोजून हाच हिशेब करून ठेव आणि शेडच्या भिंतीवर खडूने लिही.

आता तुझ्या वाटा.

थ्री-फेज कनेक्शन मिळालं तर त्याच्यासारखं दुसरं नाही. मोटर आणि स्टार्टर आहे तसा लागतो, कुणाला काही समजावावं लागत नाही. थ्री-फेजमध्ये तिन्ही फेजच्या ताकदीची बेरीज प्रत्येक क्षणी सारखी राहते, म्हणून मोटर सलग ओढते. १८९१ मध्ये लाउफेनहून फ्रँकफर्टपर्यंत १७५ किलोमीटर थ्री-फेज वीज नेऊन दाखवली, तेव्हापासून कारखान्यांनी दुसऱ्या कशाकडे फारसं वळून बघितलेलं नाही. पण तुझ्या गल्लीत खांबावरून चार तारा येतात का ते आधी बघ. मीटर बदलणं, डिपॉझिट, महिन्याचा स्थिर आकार, हे सगळं एका हौशी लेथसाठी जड वाटेल. कनेक्शन सिंगल-फेज असो की थ्री-फेज, शेजाऱ्यापाजाऱ्यांची कामं पैसे घेऊन करायला लागलास तर ती घरगुती वापरात बसत नाहीत. २००३ च्या वीज कायद्याचं कलम १२६ तेवढं वाचून ठेव, त्यात दुप्पट दराने आकारणी आहे. तुझा स्वभाव मला माहीत आहे. कुणाचा बुश करून दिलास की तो पैसे देणार आणि तू घेणार.

सिंगल-फेज मोटरला लोक नाकं मुरडतात तेवढी ती वाईट नाही. एक हॉर्सपॉवरची, स्टार्ट आणि रन असे दोन्ही कंडेन्सर असलेली घेतलीस तर काम होईल. दोष दोन. एक, तिची ताकद सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होते. चपटा पट्टा त्यातलं बरंच पोटात घालतो, तरी बारीक फिनिशिंगला कधीकधी जॉबवर त्याची खूण दिसते. दुसरा, चालू होताना ती खूप करंट खेचते, घरातले दिवे मिचकतात आणि तुझी आई ओरडते. हात फारच आखडता असेल तर हीच घे, मी हसणार नाही.

कंडेन्सर लावून आहे तीच मोटर सिंगल-फेजवर फिरवायचा उद्योग मात्र करू नकोस. शेतावर दोन फेजवर कंडेन्सर लावून पंप चालवतात ते तू पाहिलंयस. वाइंडरच्या दुकानात जळक्या कॉइलचे ढीग का असतात त्याचं उत्तर त्यातच आहे. तिन्ही वाइंडिंगमध्ये करंट सारखा जात नाही, एक तापतच राहतं, आणि ताकद फार तर दोन तृतीयांश मिळते. एक रिकामी थ्री-फेज मोटर सतत फिरत ठेवून तिच्यापासून तिसरी फेज करायची, ही पद्धत त्यापेक्षा बरी आहे. पण ती चार मशीनं असलेल्या माणसासाठी. एका लेथसाठी कोपऱ्यात दुसरी मोटर दिवसभर घुमत ठेवायची म्हणजे काय!

उरला ड्राइव्ह, म्हणजे दुकानात ज्याला व्हीएफडी म्हणतात तो. माझं मत विचारशील तर तुला हाच बसतो. आत २३० व्होल्ट सिंगल-फेज घालायचं, बाहेर २३० व्होल्ट थ्री-फेज मिळतं. गडबड इथेच होते. तुझ्या मोटरच्या पाटीवर ४१५ व्होल्ट, ३.५ अँपिअर आणि स्टार असं लिहिलंय. स्टारमध्येच ठेवून तिला २३० दिलंस तर फिरेल छान, पण जोर एक तृतीयांशच राहील. कट घेतला की बसेल आणि तू ड्राइव्हला शिव्या देशील. ती डेल्टात जोडली पाहिजे. टर्मिनल बॉक्स उघड. सहा बोल्ट असतील तर काम सोपं: आत्ता तीन बोल्ट एका रांगेत पट्टीने जोडलेले दिसतील, ती पट्टी काढून वरचा-खालचा अशा तीन जोड्या करायच्या. बॉक्सच्या झाकणात बहुधा आकृती असते, नसेल तर अंदाजाने जोडू नकोस. तीनच वायरी बाहेर आल्या असतील तर स्टारची गाठ आत वाइंडिंगमध्ये पुरलेली आहे. ती उघडून आणखी तीन टोकं बाहेर काढणं हे वाइंडरचं काम, तुझं नाही. डेल्टात करंट वाढून सहा अँपिअरच्या आसपास जाईल. ओव्हरलोडचा आकडा ड्राइव्हमध्ये त्याप्रमाणे भर, पाटीवरचा ३.५ तसाच उतरवू नकोस.

ड्राइव्ह घेताना तो सिंगल-फेजवर दीड किलोवॅट देतो का, हे दुकानदाराकडून लिहून घे. थ्री-फेज इनपुटचा ड्राइव्ह सिंगल-फेजवर चालवला तर त्याची पूर्ण ताकद मिळत नाही, आणि असा माल स्वस्तात गळ्यात मारणारे कमी नाहीत.

आता त्याचे रीतिरिवाज. लेथच्या पुढे जो जुना हँडलचा फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच आहे तो मोटर आणि ड्राइव्ह यांच्या मध्ये ठेवू नकोस. चालू असताना मधली लाइन तोडली की ड्राइव्हचे आतले भाग जातात. मोटरच्या वायरी सरळ ड्राइव्हला जातील. हँडलचा मोह सुटत नसेल तर त्याच स्विचमधून फक्त ड्राइव्हच्या कंट्रोलच्या बारीक वायरी ने. तरी मी म्हणेन की बटणं लाव: हिरवं, लाल, आणि एक मोठं लाल डोक्याचं, जे चकवरून हात न नेता डाव्या हाताने दाबता येईल. बटणांचा दुसरा फायदा, लाइट जाऊन परत आली तर मशीन आपोआप सुरू होत नाही. हँडल तसंच फॉरवर्डला राहिलेलं असेल आणि तू जॉब मोजायला वाकलेला असशील, तर काय होईल ते लिहीत बसत नाही. साधा डीओएल स्टार्टर हे काम त्याच्या नो-व्होल्ट कॉइलने करतो. ड्राइव्हमध्ये ते सेटिंगने करावं लागतं, ऑटो-रीस्टार्ट बंद आहे की नाही ते स्वतः तपास.

तुझा चक आट्यांवर बसणारा आहे. म्हणून थांबण्याचा वेळ निदान चार-पाच सेकंदांचा ठेव. झटक्यात ब्रेक लावलास किंवा फिरत्या चकला उलटं फिरवलंस तर चक सैल होऊन बेडवर उतरतो, आणि बेडवरच थांबेल याची खात्री नाही. ड्राइव्हचं बटण फिरवून वेग कमी करता येतो म्हणून बॅकगिअर विसरून जाऊ नकोस. वेग निम्मा केला तर मोटरची ताकदही निम्मी होते आणि तिचा स्वतःचा पंखाही मंदावतो, ती तापते. बॅकगिअरने वेग कमी केला की जोर वाढतो. मोठा व्यास, आटे पाडणं, पार्टिंग, ही बॅकगिअरचीच कामं. ड्राइव्हवरून वेग वीसेक टक्के इकडेतिकडे करायचा, तेवढ्यापुरता तो. पन्नास हर्ट्झच्या वर जायची परवानगी तुला मी देत नाही, ते बुश आणि तो बिडाचा चक तेवढ्यासाठी केलेले नाहीत.

ड्राइव्ह लेथपासून दूर भिंतीवर, बंद डब्यात. लोखंडाचा चुरा पंख्याने आत ओढला की गेला. झाकण उघडण्याआधी वीज बंद करून दहा मिनिटं थांब. आतले कंडेन्सर सव्वातीनशे व्होल्टला भरलेले असतात.

अर्थिंग दोन घे, लेथच्या बेडला एक आणि मोटरच्या बॉडीला एक, वेगवेगळ्या वायरींनी. शेडसाठी मेन बोर्डावरून चार स्क्वेअरची वेगळी तांब्याची वायर आण, घरातल्या प्लगवर एक्स्टेन्शन लावून लेथ चालवायचा नाही. ड्राइव्हमुळे आरसीसीबी विनाकारण पडायला लागला तर वायरमन तो काढून टाकूया म्हणेल. काढू देऊ नकोस. ड्राइव्हला चालणाऱ्या प्रकारचा वेगळा आरसीसीबी त्या लाइनवर बसवायला सांग.

हे सगळं घेण्याआधी एक काम कर. मोटर भंगारात किती पावसाळे पडली होती कुणास ठाऊक. ओळखीच्या वायरमनकडून पाचशे व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधला इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजून घे आणि मला कळव. एक मेगओहमच्या खाली आला तर झाकणं काढून दोन दिवस बल्बच्या उबेत ठेव आणि परत मोज. तरी चढला नाही तर ड्राइव्ह विकत घेऊ नकोस, मोटर एसटीच्या पार्सलने इकडे पाठवून दे. उद्यमनगरात वाइंडिंग करून घेतो, सहा टोकं बाहेर काढूनच.

ताईला नमस्कार सांग. तिला शेडमध्ये दिवा चांगला लावायला सांगितलंय, तू लावणार नाहीस म्हणून.

तुझा,
मामा