कोंबडी कोणीं नेली?

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत, बत्तिसाव्या ओवींत, प्रभु हेरोदास कोल्हा म्हणतो; आणि दोनच ओव्या पुढें पिलांस पंखांखालीं घेणाऱ्या कोंबडीची उपमा स्वतःस लावितो. शहरांतील वाचकास हीं दोन चित्रें निरनिराळीं वाटतील. ज्याच्या परसांत खुराडें आहे त्यास तीं एकच वाटतात. म्हणून आमच्या उपदेशक बंधूंनीं हा अध्याय शिकवितांना कोंबड्यांच्या रक्षणाविषयीं चार गोष्टी सांगितल्या तर तें विषयांतर होईल असें आम्हांस वाटत नाहीं.

कोंबडी ही गरिबाच्या घरची पेढी होय. अंड्यांवर मीठमिरची येते, कोंबडा विकून औषधाचे पैसे उभे राहतात, आणि हा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हातचा असतो. अशी कोंबडी एके सकाळीं नाहींशी झाली म्हणजे ‘कोणीं नेली?’ हा प्रश्न निघतो. आणि त्याचें उत्तर परसांत न शोधतां पुष्कळदां शेजाऱ्याच्या दारांत शोधिलें जातें. गांवाबाहेर पाल ठोकून कोणी गरीब माणसें उतरलीं असलीं तर त्यांचेंच नांव आधीं निघतें. नववी आज्ञा कचेरींतील साक्षीपुरतीच आहे असें समजणाऱ्यांनीं ह्याचा विचार करावा.

आमच्या पाहण्यांतील एका मंडळींत एका विधवा बाईच्या पांच तलंगा एका पंधरवड्यांत गेल्या. संशय शेजारच्या मुलावर आला. कारण एवढेंच कीं तो रिकामा हिंडत असे. दोन्हीं घरें उपासनेस एका रांगेंत बसेनाशीं झालीं, आणि प्रभुभोजनाच्या दिवशीं तर एक घर येईचना. पुढें पावसाळ्याच्या तोंडावर कडब्याची गंजी हलविली, तेव्हां तिच्या तळाशीं रानमांजरीचीं पिलें आणि पिसांचा ढीग निघाला. तलंगांचा उलगडा झाला. पण त्या मुलाची आई त्या दारीं पुढें वर्षभर पाणी प्यावयास गेली नाहीं.

तेव्हां कोंबडी गेली असतां प्रथम जागा पहावी, आणि ती अंगण झाडण्यापूर्वीं पहावी. केरसुणी फिरली कीं अर्धी साक्ष गेली. पिलूं दिवसाढवळ्या गेलें, मागें पीस नाहीं कीं रक्त नाहीं, आणि त्याची आई ओरडत फिरत आहे, तर घार किंवा शिक्रा समजावा. अंड्यावर आलेली मोठी कोंबडी मात्र घारीनें उचलली असें कोणी सांगेल तर मानूं नये. तेवढें ओझें तिच्यानें उचलवत नाहीं. मुंगूसही दिवसांच शिकार करितें. तें मान व डोकें धरितें, आणि कोंडलेल्या कोंबड्या सांपडल्या तर एकीवर थांबत नाहीं. मेलेल्या तेथेंच पडून राहतात. उदमांजर हेंच काम रात्रीं करितें. तें झाडावर व कौलांवर सहज चढतें. म्हणून नुसता दरवाजा न पाहतां छप्परही पहावें. कोल्हा व रानमांजर शिकार उचलून नेतात, आणि पिसांची ओळ उंसाकडे किंवा ओढ्याकडे गेलेली दिसते. कुत्र्यानें मारलेली कोंबडी फरफटलेली असते व पुष्कळदां न खातां टाकलेली आढळते. हा चोर गांवांतलाच, आणि कधीं कधीं आपल्याच दारचा.

अंडीं टरफलासकट नाहींशीं झालीं तर साप किंवा घोरपड. टोंचलेलीं टरफलें तेथेंच पडलीं असलीं तर कावळा. लहान पिलें रोज रात्रीं एकेक कमी होत असतील तर खुराड्याच्या जमिनींत घुशीचें बीळ शोधावें. खुडूक कोंबडी टोपलींत मेलेली आढळली व जखम दिसत नसली, तर हात घालण्यापूर्वीं लांब काठीनें टोपली हलवावी. आंत नाग असूं शकतो. परंतु बऱ्याच कोंबड्या एकदम माना टाकून मेल्या तर तें जनावराचें काम नव्हे, रोगाचें होय. बहुधा मानमोडी असते, पण त्याहून वाईटही असूं शकतें. सन २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला व लाखों पक्षी मारून पुरावे लागले. अशा मेलेल्या कोंबड्या खाऊं नयेत, ओढ्यांत टाकूं नयेत. सरकारी पशुवैद्यास कळवावें.

ह्या खुणा पंचनाम्यासारख्या पक्क्या नव्हेत. साप पिलूं गिळतो तेव्हां तोही पीस ठेवीत नाहीं. म्हणून ‘पीस नाहीं, अर्थात् माणसानेंच नेलें’ असा न्याय करूं नये.

रक्षणाचें मुख्य काम संध्याकाळचें आहे. दिवेलागणीपूर्वीं कोंबड्या मोजून कोंडाव्या. त्या आपण होऊन घरीं येतात. दार लावण्यास विसरतो तो माणूस. दारास नुसती दोरी नको, कडी असावी व तींत खिळा अडकवावा. बाजारांतील षट्कोनी भोकांची पातळ जाळी कोंबडी आंत ठेवण्यापुरतीच आहे. कोल्हा व कुत्रा ती फाडतात, आणि उंदीर तिच्यांतून येतो. पैसा थोडा असला तर सगळें खुराडें तिनें वेढण्यापेक्षां भिंत दगडमातीची करून झरोक्यांसच अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी ठोकावी. झरोके मात्र बुजवूं नयेत, नाहीं तर विष्ठेच्या उग्र वाफेनें कोंबड्यांचे डोळे व श्वास बिघडतात. भिंत कुडाची असल्यास तिच्या पायथ्याशीं बाहेरच्या अंगास एक फूट जाळी आडवी पसरून वर दगड ठेवावे. उकरणारें जनावर अगदीं भिंतीलगत उकरूं लागतें. मागें सरून उकरणें त्यास सुचत नाहीं. कोंकणासारख्या पावसाच्या मुलुखांत खुराडें तीन फूट उंच खांबांवर बांधणें बरें, व प्रत्येक खांबास गुळगुळीत पत्रा गुंडाळावा, म्हणजे घूस चढत नाहीं.

एकवीस दिवसांनीं निघालेलीं पिलें पहिला महिनाभर तरी आईसह डालग्याखालीं ठेवावीं आणि डालग्यावर दगड ठेवावा. पुढें सोडतांना जवळ एखादी दाट जाळी किंवा तुरीचें शेत असावें. घार दिसतांच तीं तेथें शिरतात. बुजगावण्यावर आमचा फारसा भरंवसा नाहीं. चार दिवस घार त्यास भिते, पांचव्या दिवशीं त्याच्याच डोक्यावर बसते.

आतां विषाविषयीं. शेतावरचें कीटकनाशक अंड्यांत किंवा अर्धवट खाल्लेल्या कोंबडींत घालून ठेवण्याची चाल कित्येक ठिकाणीं आहे. तें अंडें कोल्हा खाईल कीं शेजाऱ्याचें पोर उचलील, हें ठेवणाऱ्याच्या हातीं राहत नाहीं. कुंपणांत विजेचा प्रवाह सोडणेंही तसेंच. त्यानें माणसें मेलीं आहेत. शिवाय वन्यजीव संरक्षणाचा कायदा सन १९७२ पासून आहे, व मुंगूस, रानमांजर, घोरपड ह्यांस मारणें गुन्हा आहे. कायदा बाजूस ठेविला तरी हिशेब हाच निघतो: रानमांजर वर्षभर शेतांतले उंदीरच मुख्यतः खातें. जुन्नरकडे उंसांत बिबट्या राहतो, तिकडे कोंबड्या राखण्यासाठीं कोणीं अंगणांत उघड्यावर निजूं नये. कोंबडी गेली तर दुसरी मिळेल.

प्रत्येक मंडळींत दोन-तीन घरें अशीं असतात कीं तेथें जाळी ठोकण्यास पुरुषाचा हात नाहीं. अशा घरांची यादी उपदेशकानें करावी, आणि तरुणांस शनिवारीं संध्याकाळीं घेऊन जावें. पक्कड, हातोडी, खिळे व थोडी तार पुरे. काम झाल्यावर अंधार पडूं द्यावा, एका मुलास बॅटरी घेऊन खुराड्यांत बसवावें, व इतरांनीं बाहेरून फिरून पहावें. झरोके सोडून जेथें जेथें उजेड दिसेल तेथें भोक राहिलें आहे. तें त्याच रात्रीं बुजवावें.