टॉवेलखालची दोरी

आमच्या डोंबिवलीच्या घराला मागे एक गॅलरी आहे आणि तिथे तीन दोऱ्या बांधलेल्या आहेत. बाहेरच्या दोरीवर चादरी आणि नवऱ्याचे शर्ट-पँट. मधल्या दोरीवर गाऊन, परकर, मुलीचा शाळेचा गणवेश. भिंतीलगतच्या दोरीवर माझे आणि सासूबाईंचे आतले कपडे, आणि त्यांच्यावर अंथरलेला टॉवेल. तिथवर ऊन कधीच पोचत नाही. मी या घरात आले तेव्हाही तो टॉवेल होता आणि मला त्याचं नवल वाटलं नाही, कारण चिपळूणला माझ्या माहेरीही तेच होतं. आई ब्राला ‘बॉडी’ म्हणायची आणि ती परकराच्या आत दडवून माजघरातल्या वलणीवर वाळत घालायची. अंगणात रणरणतं ऊन असायचं. तिथे आमसुलं वाळायची, पापड वाळायचे, गोधड्या वाळायच्या. बॉडी मात्र माजघरात.

त्या टॉवेलाची किंमत मी नऊ महिने मोजली. म्हणून हे लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वीचा जुलै. माझ्याकडे तेव्हा तीन ब्रा होत्या. त्यातली एक लग्नकार्याच्या ब्लाउजसाठी राखलेली, म्हणजे रोजच्या वापरातल्या दोनच. एक ब्रा दोन-तीन दिवस घालायची आणि मग धुवायची, हा माझा शिरस्ता होता. ‘रोज पाण्यातून काढली की इलॅस्टिक जातं’ हे आईनं सांगितलेलं डोक्यात पक्कं बसलेलं. सकाळच्या फास्टमध्ये सीएसएमटीपर्यंत तासाहून जास्त वेळ उभ्यानं जायचं, तसंच परत यायचं. घरी येईपर्यंत पट्टा घामानं चिंब झालेला असायचा. ती ब्रा मी बाथरूमच्या दारामागच्या खिळ्याला अडकवायचे आणि सकाळी तीच पुन्हा अंगावर चढवायचे. धुतलेली दुसरी तरी कुठे वाळलेली असायची? पावसाळ्यात आमच्याकडे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. खांद्याच्या पट्ट्या वाळतात, पण कपाचा फोम आणि हुकांजवळची दुहेरी पट्टी हाताला गारच लागते. ‘अंगावर वाळेल’ असं म्हणून मी ती तशीच घालायचे. असं म्हणणाऱ्या आपल्यात किती जणी आहेत, हे मला पुढे कळलं.

आधी स्तनांखाली लाली आली. घामोळं असेल म्हणून मी पावडर मारली. आठवडाभरात खाज सुटली, आणि ती रात्री जास्त. ऑफिसात खाजवता येत नाही, गाडीत येत नाही, घरात सासऱ्यांसमोर येत नाही. दिवसभर दात आवळून राहायचं आणि रात्री बाथरूममध्ये जाऊन ओरबाडायचं. शेवटी मी मेडिकलच्या दुकानात गेले. कुठे झालंय हे सांगायची लाज वाटली, तेव्हा ‘पाठीला’ असं खोटंच सांगितलं. त्यानं एक ट्यूब दिली. दोन दिवसांत खाज थांबली, लाली उतरली. मला वाटलं, संपलं.

ट्यूब बंद केली की चार-पाच दिवसांनी खाज परत यायची, आणि दर वेळी जागा आणखी पसरलेली असायची. आता कडेला उंचवटा आणि मध्ये जरा निवळलेलं, अशी वर्तुळं दिसू लागली. स्तनांखालून ती कमरेवर उतरली, नेमकी सलवारीची नाडी बसते तिथे. मग जांघेत. चार महिन्यांत मी सहा ट्यूब संपवल्या. नवऱ्याला सांगितलं नाही, त्याच्यापासून अंतर राखून झोपायला लागले, आणि त्याचा त्यानं काय अर्थ काढला असेल याचा विचारही मला तेव्हा सुचला नाही. दिवाळीच्या अभ्यंगाच्या वेळी तेरा वर्षांच्या मुलीच्या मांडीवर तसंच एक वर्तुळ दिसलं. आम्ही दोघी एकच टॉवेल वापरत होतो. त्या दिवशी मात्र लाज गळून पडली.

त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी वर्तुळाच्या कडेचा थोडा कोंडा काचपट्टीवर खरवडून घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगितलं, “गजकर्ण आहे. बुरशी.” आणि लगेच, “काय लावत होतात ते दाखवा.”

मी पर्समधली ट्यूब काढली. त्यांनी बारीक अक्षरांतली नावं मला मोठ्यानं वाचायला लावली. एक बुरशीचं औषध, एक जीवाणूंचं, आणि तिसरं क्लोबेटासॉल. हे फार तीव्र स्टिरॉइड आहे. ते लाली आणि खाज दाबतं, कारण ते तिथली शरीराची प्रतिकाराची धडपडच दाबून टाकतं. आपल्याला बरं वाटतं आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. भारतात असली मिश्रणं इतकी सर्रास विकली जात होती की २०१८ साली केंद्र सरकारनं १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी आणली. तरी माझ्यासारख्या बाईला काउंटरवर ट्यूब मिळालीच. डॉक्टरबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. आपल्याकडे आता गजकर्णाची जी बुरशी पसरली आहे, तिला २०२० साली ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असं वेगळं नाव मिळालं. नेहमीच्या टर्बिनाफीन या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत जाणारा नायटा आज महिनोनमहिने पिच्छा सोडत नाही, त्याचं हे एक कारण.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो मला आजवर कोणीच विचारला नव्हता. “ब्रा वाळत कुठे घालता?”

मी टॉवेलाचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका हेच सांगतात. औषध मी देईन, पण ही बुरशी त्वचेच्या कोंड्याबरोबर कपड्यांत उतरते आणि तिथे कित्येक महिने तग धरते. तुम्ही बऱ्या व्हाल आणि तुमच्याच दोरीवरून ती परत घ्याल.”

बरं व्हायला मार्च उजाडला. मुलीचं सहा आठवड्यांत गेलं. माझ्या जांघेत आणि स्तनांखाली स्टिरॉइडनं त्वचा पातळ होऊन पडलेल्या जांभळट रेघा आहेत. त्या आता पांढुरक्या झाल्या आहेत, जाणार नाहीत.

या काळात मी धुणं नव्यानं शिकले. मैत्रिणी विचारतात तेव्हा त्यांना जे सांगते, तेच इथे सांगते.

ब्रा किती दिवसांनी धुवायची, याचं एकच उत्तर नाही. थंड कोरड्या हवेत, दिवसभर एसीत बसणाऱ्या आणि फारसा घाम न येणाऱ्या बाईनं दोनदा-तीनदा घालून मग धुतली तरी चालतं. पुस्तकांत आणि मासिकांत असतो तो सल्ला हाच. पण तो कोकणातल्या, मुंबईतल्या, गोव्यातल्या घामासाठी नाही. आपल्याकडे मार्च ते ऑक्टोबर, आणि लोकलनं जाणाऱ्या बाईसाठी बाराही महिने, एकदा घातलेली ब्रा संध्याकाळी पाण्यात गेली पाहिजे. व्यायामानंतरची ब्रा तर तासभरही अंगावर ठेवू नये. बाळाला पाजणाऱ्या आईनं रोज बदलावीच, दूध झिरपून ओली झाली तर दिवसातून दोनदासुद्धा. मात्र एखाद्या दिवशी दोन तासच घातली आणि घाम आला नाही, तर वाऱ्यावर पसरून ठेवा आणि उद्या घाला. तेवढं चालतं. दारामागचा खिळा मात्र काढून टाका.

आईच्या इलॅस्टिकचं काय? आईचं म्हणणं खोटं नव्हतं. पण इलॅस्टिक रोज पाण्यातून काढल्यानं तेवढं जात नाही, जितकं ते कढत पाण्यानं, ब्लीचनं, ब्रश घासून आणि पिळे देऊन पिळल्यानं जातं. घामानं आणि अंगाच्या तेलानंही ते कुजतंच. ब्रासाठी कोमट किंवा साधं पाणी घ्यावं, त्यात थोडा सौम्य साबण किंवा रिठ्याचं पाणी, दहा मिनिटं भिजवायचं, बोटांनी चोळायचं, आणि दोनदा स्वच्छ पाण्यातून काढायचं, कारण राहून गेलेला साबणही खाजतो. पिळायची नाही. कोरड्या पंचात गुंडाळून दाबायची, निम्मं पाणी पंचा पितो. खांद्याच्या पट्ट्यांवर टांगली तर पाण्याच्या वजनानं त्या ओढल्या जातात, म्हणून छातीखालच्या पट्ट्याच्या कडेला, नाहीतर दोन कपांच्या मधोमध चिमटा लावायचा. मशीनमध्ये टाकायची असेल तर हूक लावून, जाळीच्या पिशवीत. आणि फॅब्रिक सॉफ्टनर नको. त्याचा थर बसतो आणि कापड घाम शोषत नाही.

रोज धुवायची तर किती ब्रा लागतात, याचा हिशेब मी मांडला. एक अंगावर, एक दोरीवर, एक कपाटात कोरडी. पावसाळ्यात दोरीवर एकाऐवजी दोन किंवा तीन, कारण पूर्ण वाळायला दोन दिवस लागतात. तीन धरल्या तर एकूण पाच. फोमच्या नकोत. सुती, साध्या, लवकर वाळणाऱ्या. माझ्या सहा ट्यूब, तपासण्या आणि गोळ्या यांवर गेलेल्या पैशांत अशा पाच ब्रा कितीतरी वेळा आल्या असत्या. आपण स्वतःवर खर्च करताना पहिली कात्री इथेच लावतो, कारण ते कोणाला दिसत नाही.

निकरला मात्र सूट नाही. रोज एक, घाम आला तर दोन. पुरुषांच्या चड्डी-बनियनला आणि मोज्यांनाही तोच नियम. पाळीचं कापड वापरत असाल तर तेही उन्हात, झाकून नव्हे. ब्लाउज आणि कुर्ता काखेला लागतात, म्हणून एका वापरानंतर धुवावेत. सलवार, लेगिंग, परकर यांची नाडीची आणि जांघेची जागा विसरू नका, तेही रोजचे. जीन्स चार-पाच वेळा घालून धुतली तरी बिघडत नाही, फक्त अंगावर गजकर्ण असेल तर घट्ट जीन्स नकोच. पैठणी तासाभरासाठी नेसली म्हणून कोणी धुवत नाही. ती सावलीत वाऱ्यावर टाकून ठेवावी. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, रोज पूर्ण वाळलेला, तीन-चार दिवसांनी धुतलेला. चादर आणि उशीचा अभ्रा आठवड्यातून एकदा. आणखी एक: घामाला स्वतःचा वास फारसा नसतो, तो वास त्वचेवरचे जीवाणू करतात, आणि पॉलिएस्टर तो वास सुतापेक्षा जास्त धरून ठेवतं. ‘वास येत नाही म्हणजे स्वच्छ’ हा हिशेबही धरू नका. माझ्या ब्राला वास येत नव्हता.

घरात कोणाला गजकर्ण झालं असेल, तर धुणं वेगळं करावं लागतं. त्या माणसाचे कपडे इतरांच्या बादलीत भिजवायचे नाहीत, कारण बुरशी पाण्यातून दुसऱ्या कपड्यांवर जाते. गार पाणी आणि साबण तिला पुरत नाही. ६० अंश सेल्सिअसचं पाणी लागतं. हीटरवालं मशीन असेल तर तो आकडा लावायचा. नसेल तर सुती निकर, टॉवेल, चादरी हात घालवणार नाही अशा कढत पाण्यात अर्धा तास झाकून ठेवायच्या, मग धुवायच्या. धुण्याच्या मावशींना आधी सांगायचं, म्हणजे त्या हात घालणार नाहीत, आणि गजकर्ण त्यांच्या घरीही जाणार नाही. वाळल्यावर सुती कपडे उलटे करून कडक इस्त्री करायची, शिवणींवर जास्त वेळ. पावसात दोन दिवस दोरीवर राहूनही दमट राहिलेल्या सुती निकरला हीच इस्त्री कोरडं करते. पंखा आणि मोकळी हवाही पुष्कळ काम करतात, पण कपडे एकावर एक टाकायचे नाहीत. इलॅस्टिकच्या ब्राला कढत पाणी आणि इस्त्री दोन्ही चालत नाहीत. म्हणून उपचाराच्या काळात मी जुन्या दोन्ही ब्रा टाकून दिल्या आणि नव्या उन्हात वाळवल्या.

ऊन म्हटल्यावर टॉवेलाचा प्रश्न आलाच. मी आतली दोरी सोडली आणि आतले कपडे बाहेरच्या दोरीवर घातले, तेव्हा पहिले दोन दिवस सासूबाई काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “समोरच्या बिल्डिंगमधून दिसतं गं.” मी त्यांना माझ्या कमरेवरचं वर्तुळ दाखवलं. सून सासूला असं काही दाखवत नाही, पण मी दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी ब्लाउजचं खालचं बटण सोडलं आणि स्वतःच्या स्तनांखालची काळवंडलेली जाड कातडी मला दाखवली. म्हणाल्या, “हे मला तीस वर्षं आहे. मला वाटलं, बायकांना असतंच.”

त्यांचे उपचार माझ्यापेक्षा जास्त काळ चालले. आता दुपारी पाऊस उघडला की त्याच मला ऑफिसात फोन करतात, “ऊन पडलंय, तुमच्या दोघींचे आतले कपडे पुढे सरकवलेत.”